कलम बारावाले सर

मोठ्या सरांनी देशाची सही फार मनावर घेतली होती.

जगातल्या देशांनी मिळून लहान मुलांच्या हक्कांचा एक करार केलेला आहे आणि त्याला आपल्या देशानेही मान्यता दिलेली आहे, हे तुम्ही-आम्ही कुठेतरी ऐकतो, ‘बरं झालं’ म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. मोठ्या सरांना ते जमलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. देशाने सही केली म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वतीने केली. आपल्या वतीने केली म्हणजे ती माझीच सही झाली. आणि स्वतः सही केलेला कागद जो पाळत नाही, त्याने दुसऱ्याला शुद्धलेखन शिकवू नये.

आमची शाळा गोंडपिपरीच्या पुढे, डांबरी रस्ता संपून जंगल सुरू होतं तिथे होती. चौथीपर्यंतची, दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची. ते मुख्याध्यापक म्हणून मोठे सर आणि मी हाताखालचा म्हणून लहान सर. मी आता पन्नाशीला आलो, अंगाने त्यांच्या दुप्पट आहे, तरी त्या गावात गेलो की मी लहान सरच असतो.

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एसटीत बसायला जागा मिळाली तर उभ्या असलेल्या माणसांकडे बघवत नाही. ताटात दुसऱ्यांदा वरण घेतलं तर स्वयंपाकघरातल्या पातेल्याची काळजी वाटते. अशा माणसाने मोठ्या सरांसोबत काही वर्षं काढणं म्हणजे ज्याला आधीच ठसका लागलाय त्याला मिरचीच्या गोदामात नोकरी लावण्यासारखं आहे.

त्या कराराची आणि त्यांची गाठ चंद्रपूरच्या एका प्रशिक्षणात पडली. मीही होतो. सगळ्यांना एक पिशवी, एक पेन आणि एक पातळ पुस्तिका मिळाली. जेवणात गुलाबजाम होते. आम्ही सगळे पिशवी कोणत्या कामाची आहे ते बघत होतो आणि मोठे सर पुस्तिका वाचत होते. दुपारी त्यांनी हात वर केला.

“म्याडम, हे आपल्या देशाले मंजूर हाये?”

“हो, सर.”

“पूर्ण? चोपन्नही कलमं?”

“हो. म्हणजे एखाद्या ठिकाणी, टप्प्याटप्प्याने करू, असं म्हटलंय.”

“मंग आपन इथी बसून काऊन राह्यलो?”

मॅडम हसल्या. त्यांना वाटलं, सरांना जेवणानंतर कंटाळा आला. मोठ्या सरांनी पिशवी उचलली आणि खरोखरच निघाले. परतीच्या बसमध्ये ती पुस्तिका त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली आणि उतरायचं ते गोंडपिपरी कधी मागे पडलं हे त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी ते शाळेत उशिरा पोचले. मी मस्टरकडे बघितलं नाही. त्यांनी मात्र पोरांसमोर उभं राहून उशीर झाल्याबद्दल माफी मागितली आणि विचारलं, “मी आत आलो तं चालन का?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी मागून एक आवाज आला, “या नं जी, शाळा तुमचीच हाये.”

“माही नाई, तुमची हाये,” सर म्हणाले आणि चपला काढून आत आले.

त्या दिवसापासून सर वर्गाच्या दारावर टकटक करू लागले. एकदा दुसरीच्या पोरांनी गंमत म्हणून आतून सांगितलं, “नोका येऊ.” सर व्हरांड्यात उन्हात उभे राहिले. पोरं आत गप्प झाली. त्यांना वाटलं होतं सर हसतील आणि येतील. सर काही येईनात. खिडकीतून एकाने डोकावून बघितलं, तर सर घाम पुसत समोरच्या पळसाकडे बघत उभे. शेवटी आतली एक मुलगी रडायला लागली, तेव्हा पोरांनी धावत येऊन त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं. पोरांचा खासगीपणा सरांनी राखला होता. कलम सोळा. त्याच कलमाखाली पोरांचे खिसे आणि दप्तरं तपासायची बंदी होती, त्यामुळे श्रावणात आमच्या वर्गात नाल्यातले खेकडे बरेच असायचे. एक माझ्या पायजम्यापर्यंत आला होता.

कलम एकतीस म्हणजे विश्रांती, फावला वेळ आणि खेळ. आमच्या वेळापत्रकात बुधवारच्या तिसऱ्या तासाला सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘काही नाही’. केंद्रप्रमुख आले, त्यांनी वेळापत्रकावर बोट ठेवलं.

“हा कोणता विषय?”

“काही नाई.”

“अहो, काही नाही कसं? लिहिलंय ना इथे.”

“तेच तं लिहिलं हाये.”

आत पोरं खरंच काही करत नव्हती. दोन-तीन जण उताणी पडून कौलावरची खार बघत होती, एक जण स्वतःच्या पायाची बोटं मोजत होता. सर स्वतःही भिंतीला टेकून काही न करण्याचा प्रयत्न करत होते. ते त्यांना अजिबात जमत नसे. कपाळाला आठ्या पडत, ओठ हलत, जणू अवघड गणित चाललंय. केंद्रप्रमुख थोडा वेळ उभे राहिले, मग खाली बसले, मग त्यांचा डोळा लागला. जाताना त्यांनी शेरा लिहिला, ‘उपक्रम स्तुत्य.’

अल्पसंख्य समाजाच्या मुलांना आपली भाषा बोलायचा हक्क आहे, असं तिसावं कलम सांगतं. आमची निम्मी पोरं गोंडांची. सर म्हणाले, पोरं आपल्या भाषेत बोलतील आणि मला कळणार नसेल तर त्या हक्काचा काय उपयोग? म्हणून ते गोंडी शिकले. शिकवणारी होती पहिलीतली पोरं. वर्षभरात सर बरे बोलू लागले, पण जे येत होतं ते सगळं सहा वर्षांच्या पोराचं. गावात जाणत्या माणसांच्या बैठकीत ते गेले की पांढऱ्या मिशीचा हा गृहस्थ हात जोडून गोंडीत म्हणे, मला भूक लागली, त्याने मला ढकललं, मी आता घरी जाऊ का? म्हातारी माणसं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत आणि मग त्यांना खरंच जेवायला वाढत. त्या गावात सरांचा जो मान होता, तो मला वाटतं याच गोंडीमुळे होता. हुशारी दाखवायला आलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

माझ्या छडीचंही सांगायला हवं. मी येताना चंद्रपूरहून एक बांबूची छडी आणली होती. वापरायचो क्वचित, पण टेबलावर असायची. सरांनी ती काढून घेतली नाही. त्यांनी पोरांची सभा घेतली आणि विचारलं, लहान सरांच्या या वस्तूचं काय करायचं? मला तिथेच बसवलं होतं. पोरांनी चर्चा केली. एकाचं मत होतं, जाळावी. एकाचं मत होतं, आठवडाभर ती पोरांकडे द्यावी. हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता. शेवटी असं ठरलं की दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून लावायची. मी स्वतः खड्डा खणला. दोडके चांगले आले. मला गेले नाहीत.

मोठ्या सरांच्या घरच्या बाई चंद्रपूरला राहत, सुट्टीत यायच्या. त्यांना मी एकदा विचारलं, सर घरीही असेच का? त्या म्हणाल्या, “आमचा पोरगा सात वर्साचा होता तवा त्याले इचारलं, तुले तुहं नाव पसंत हाये का? तो म्हने, नाई, माहं नाव ट्रक ठेवा. पंधरा दिवस आमच्या घरी ट्रक जेवला, ट्रक झोपला.” मग सर बाहेर गेल्याचं बघून हळूच म्हणाल्या, “भाऊ, त्या पुस्तकात बायकोचं एखांदं कलम असन तं पाहून ठेवजा.”

पण सरांचं खरं कलम म्हणजे बारावं. मुलाशी संबंधित कोणतीही गोष्ट ठरवताना मुलाला आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला वजन दिलं पाहिजे. यावर सरांचा इतका जीव होता की गावाने त्यांचं नाव ‘कलम बारावाले’ पाडलं. ते सगळं विचारायचे. गणित आधी की भाषा? खिडकी उघडी की बंद? झेंड्याची दोरी कोण ओढेल? रोज सकाळी खिचडी शिजवणाऱ्या सुमनबाईंसमोर पोरांना उभं करून विचारायचे, आज काय खायचं?

“सर,” सुमनबाई म्हणायच्या, “तांदूळ एकच, दाळ एकच. काय इचारता?”

“तरी इचारलं पाह्यजे, बाई.”

“मंग मलेही इचारा एखांद्या दिवशी, मले चूल पेटवायची हाये का नाई.”

सरांनी दुसऱ्या दिवशी तेही विचारलं. त्या दिवशी खिचडी उशिरा झाली.

हे असं चाललेलं असताना, एका उन्हाळ्याच्या तोंडावर, पत्र आलं. पट कमी असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या होत्या. आमचा पट कमी होताच. मोठी शाळा होती जंगलापलीकडच्या गावात. मध्ये पाच किलोमीटरची वाट, एक नाला आणि वाघ. वाघ म्हणजे बोलायचं म्हणून नाही. त्या वर्षी त्या वाटेवर दोनदा बैल मारला होता. गाडीची सोय होईल असं पत्रात म्हटलं होतं, पण पावसाळ्यात त्या नाल्यातून गाडी जात नाही हे पत्र लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. शाळा गेली तर मोठी पोरं कशीबशी जातील, पहिली-दुसरीची घरी बसतील, हे गावात प्रत्येकाला दिसत होतं. पडताळणीला तालुक्याचे साहेब येणार होते. त्यांच्या अहवालावर सगळं होतं.

मी म्हणालो, “सर, पोरांना थोडं तयार करून घेऊ. काय बोलायचं ते.”

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं मी खून करायचं सुचवलं. “पढवलेलं मत म्हंजे तुमचं मत, लहान सर. त्यासाठी पोरगं कायले पाह्यजे? तुमीच बोला.”

मग त्यांनी साहेबांना कळवलं की ही बालकांसंबंधीची प्रशासकीय कारवाई असल्याने प्रत्येक बालकाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल. साहेब भला माणूस होता. “घेऊ दहा मिनिटं,” म्हणाला.

आणि मग सरांनी पोरांना विचारलं, साहेबाला कधी आणि कुठे भेटायचं? ते दिवस मोहाचे होते. पहाटेपासून मोहफुलं गळतात आणि आख्खं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली असतं. प्रत्येक घराचं झाड वाटून गेलेलं. उशीर झाला की उरलेलं अस्वल, रानडुक्कर आणि ऊन खातं. पोरं म्हणाली, “सायबाले झाडाखाली बोलवा. फुलं आमच्यासाठी थांबत नाई.” सर म्हणाले, ठीक. फक्त हे साहेबाला कळवायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. पोरांचं ठरलं म्हणजे सगळ्यांचं ठरलं, असं ते समजून चालले.

साहेब सकाळी पॉलिश केलेल्या बुटात आले. शाळेत मी, मोठे सर आणि एक कुत्रं.

“विद्यार्थी?”

“चला, साहेब,” मोठे सर म्हणाले आणि जंगलाकडे चालू लागले.

पहिल्या झाडाखालीच साहेबांचा पाय चुकला. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ केलेली होती आणि त्यावर पिवळी, रसरशीत फुलं पडलेली होती. एक म्हातारी ओरडली, “अजी सायब, कुठी पाय ठेवून राह्यले? चेंगरली नं फुलं!” साहेब दचकून एका पायावर उभे राहिले. म्हातारीने त्यांच्या हातात टोपली दिली. “उभे कायले राह्यले? येचा.” त्यानंतर आख्खी सुनावणी साहेबांनी वाकून घेतली. एका हाताने फुलं वेचत, मधून मधून लिहून घेत.

पहिलीतला सोनू म्हणाला, “मले मामाच्या गावाले जायचं हाये.”

“लिहा, साहेब.”

“अहो, हे काय लिहू?”

“मत हाये त्याचं.”

जुळे भाऊ होते तिसरीत. एक म्हणाला चालू ठेवा, दुसरा म्हणाला बंद करा. पण दोघं त्या दिवशी एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण मिटल्यावर दोघांनी धावत येऊन ‘चालू’ सांगितलं आणि साहेबांनी खोडून लिहिलं. एका मुलीने विचारलं, तिकडच्या शाळेत झोका आहे का? आहे म्हटल्यावर तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, “झोका इकडे आनता येते का?”

चौथीतला विलास झाडावर चढला होता. तो वरूनच बोलला. “चालू ठेवा जी. आमी मोठे पळू. हे लहाने कसे पळतीन? नाल्याजवळ तं पळताच येत नाई, चिखल राह्यते.” तो पुढच्या वर्षी तसाही आश्रमशाळेत जाणार होता. साहेबांनी वर बघितलं आणि बराच वेळ टोपलीत फूल पडलं नाही.

आता एकच झाड उरलं होतं. तिथे रुपी होती. तिसरीतली, दोन घट्ट वेण्यांची, कामाला वाघीण. तिने वेचायचं थांबवलं नाही.

“बंद करा,” ती म्हणाली.

साहेब सरळ उभे राहिले. मी सरांकडे बघितलं. सर शांत होते.

“काऊन गं?” साहेबांनी विचारलं.

“डोकं दुखते.”

“कोणाचं?”

“माहंच. सर दिवसभर इचारते. खिडकी उघडू का, गनित घेऊ का, काय खायचं. रोज इचारते काय खायचं, अन् रोज खिचडीच देते. मंग इचारता कायले? तिकडच्या शाळेतले गुर्जी सांगते, अन् आपन करायचं. झालं.”

मोठे सर पुढे आले. “रुपी, आखीन काही सांगायचं हाये का तुले?”

“हे पाहा!” रुपीने साहेबांकडे बघून हात पसरले. “पुन्हा इचारलं!”

साहेब खोकल्यासारखं करून हसले. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “लिहा, साहेब. बरोबर हाये तिचं.”

चार दिवसांनी अहवालाचा मसुदा आला. साहेबांनी मनापासून लिहिलं होतं. नाला, वाघ, लहान मुलं, सगळं. शेवटी होतं, ‘सर्व विद्यार्थ्यांनी एकमताने शाळा सुरू ठेवण्याची इच्छा व्यक्त केली.’ खाली मुख्याध्यापकांच्या सहीची जागा. मी आनंदाने पेन पुढे केलं. सरांनी ते घेतलं नाही.

“एकमत कुठी होतं?”

“सर, एक रुपी सोडली तर...”

“तिले काऊन सोडायचं?”

फोनवर साहेब कळवळून म्हणाले, “अहो सर, तुमचीच शाळा वाचवून राह्यलो ना मी! एकमत म्हटलं की वर कोणी काही विचारत नाही. एक ‘नाही’ दिसलं की फाईल उघडते.” सर म्हणाले, “उघडू द्या.” सरपंचबाई आल्या. त्यांचा नातू पहिलीत जाणार होता. “सर, एका पोरीसाठी बाकीच्याईची शाळा घालवता का?” सर त्यांच्यासमोर खाली मान घालून उभे राहिले. म्हणाले, “बाई, त्या करारावर आपली सही हाये, आयकून घेऊ म्हनून. आता आयकलंच नाई म्हनून दुसरी सही कशी करू?” सरपंचबाईंना वाटलं सरांनी परदेशी माणसांसमोर कुठेतरी सही केली आहे आणि आता अडकले आहेत. त्यांनी सहानुभूतीने विचारलं, ती मागे घेता येत नाही का?

मी म्हणालो, “मी रुपीशी बोलतो.” सर म्हणाले, “बोला. पन आधी तिले इचारा, बोलायचं हाये का.”

मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात मोह वाळत घालत होती. मी विचारलं, “रुपी, शाळेबद्दल बोलायचंय का तुला?”

“नाई.”

मी परत आलो. माझ्या मागोमाग तिचा बाप शाळेत आला. “सर, दोन लावतो कानाखाली, पाहा कशी चालू म्हनते.” मोठे सर इतक्या जोरात ‘नाही’ म्हणाले की बाप दोन पावलं मागे सरकला. मग सरांनी त्याला बसवून चहा पाजला आणि मुलांना मारहाणीपासून जपणारं एकोणिसावं कलम वाचून दाखवलं. बाप म्हणाला, “आमच्या लहानपनी हे पुस्तक कुठी होतं?” आणि बराच वेळ पुस्तिका उलटी-सुलटी करून बघत राहिला.

शेवटी सरांनी सही केली. पण वर एक ओळ स्वतःच्या हाताने लिहून. ‘एक विद्यार्थिनी असहमत. कारण : मुख्याध्यापक फार विचारतात व विचारलेले करत नाहीत. कारण रास्त आहे.’

तो कागद गेला आणि उन्हाळा सुरू झाला. गाव तेंदूपत्त्याला लागलं. शाळा जूनमध्ये उघडणार की नाही कोणालाच माहीत नव्हतं. मी घरी न जाता थांबलो होतो, कारण सर थांबले होते आणि त्यांना एकटं सोडून जाताना मला लाज वाटली असती. एका दुपारी बघतो तर सर फळ्याला काळा रंग लावत होते.

“सर, शाळा राहणार की नाही माहीत नाही, अन् फळा रंगवताय?”

ते ब्रश घेऊन स्टुलावर तसेच बसले. रंगाचा ओघळ कोपरापर्यंत आला होता. “झोप येत नाई, लहान सर. सोनू त्या नाल्यात दिसते मले. मी चुकलो असन तं त्या लहान्याईची शाळा गेली. अन् नाई चुकलो तरी गेली, तं?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज कापलेला मी ऐकला. मी ओघळ पुसायला फडकं शोधू लागलो. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे आशेने बघून विचारलं, “तुमाले काय वाटते?”

त्या क्षणी माझ्या डोक्यात डाव्या बाजूने एक कळ आली आणि रुपीला काय होत होतं ते मला नेमकं समजलं.

“सर,” मी म्हणालो, “मला वाटतं तुम्ही बरोबर केलं. आणि मला वाटतं आपली शाळा जाईल.”

“हं,” ते म्हणाले. “दोन्ही लिहून ठेवतो,” आणि पुन्हा रंग लावू लागले.

शाळा गेली नाही. निदान त्या वर्षी नाही. फाईल उघडली गेली, वरच्या कोणीतरी ती खरंच वाचली, आणि साहेबांनी मला नंतर सांगितलं की त्या एका ओळीमुळेच बाकीच्या ओळींवर विश्वास बसला. सगळीकडून एकमतच येत होतं म्हणे. तसं असेल किंवा साहेबांनी मोहाच्या टोपलीला जागून जास्त जोर लावला असेल. आदेशात शाळा सुरू ठेवायचं म्हटलं होतं आणि खाली साहेबांच्या हातचा एक शेरा होता, ‘मुख्याध्यापकांनी विचारण्याचे प्रमाण आटोक्यात ठेवावे.’

शाळा उघडली त्या दिवशी सरांनी सगळ्या पोरांना एकत्र बसवलं. विलास आश्रमशाळेत गेला होता, पहिलीत सरपंचबाईंचा नातू आला होता, रुपी चौथीत पुढच्या रांगेत होती. सरांनी शेरा वाचून दाखवला. मग घसा साफ केला.

“तं आता सांगा. मी किती कमी इचारू?”

रुपीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. सर वाट बघत राहिले. वाट बघण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेवटी रुपीच उभी राहिली.

“सर, आज नुसतं शिकवा.”

सर मान हलवून फळ्याकडे वळले. खडू उचलला आणि अर्धवट मागे फिरले, “कोनता विषय घे...” आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबलं. पोरं खदखदून हसली. तो प्रश्न त्यांनी कसा गिळला ते मी बघत होतो. पाण्याशिवाय गोळी गिळताना माणसाची मान होते तशी त्यांची झाली. मग त्यांनी, आमच्या माहितीत पहिल्यांदा, कोणालाही न विचारता फळ्यावर लिहायला सुरुवात केली. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस.

सतरा त्रिक झालं आणि सरांच्या पाठीमागून आवाज आला.

“सर, सतराचा नोको. अवघड हाये. आधी तेराचा घ्या.”

रुपी. हात वर नाही, उभी नाही, बसल्या जागेवरून.

सर खडू धरून तसेच थांबले. मग हळूहळू वळले. त्यांचा चेहरा असा झाला होता की घरच्या बाईंनी तो लग्नात तरी पाहिला असेल की नाही मला शंका आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पोरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, “लहान सर, मी इचारलं नव्हतं.”

“नाही, सर.”

“तरी सांगितलं तिनं.”

आणि त्यांनी बाहीने फळा पुसून काढला.